मेट्रोत आपल्या मोबाईलची रेंज जाते, मग ड्रायव्हर कंट्रोल रूमशी बोलतो कसा?

१० ऑगस्ट २०२५ ला बेंगळूरात एकाच दिवशी दोन उद्घाटनं झाली, एक आपली बेळगाव–बेंगळूर वंदे भारत आणि दुसरी तिथल्या मेट्रोची यलो लाईन. आता आपल्याकडची कितीतरी माणसं केएसआर स्टेशनला उतरतात आणि थेट खाली मेट्रोत शिरतात. (जाता जाता, केएसआर म्हणजे क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा, ज्यांना आपल्या खानापूर तालुक्यात नंदगडला १८३१ साली फाशी दिली ते. तिथं उतरणाऱ्या प्रत्येक बेळगावकराला हे माहीत असायलाच पाहिजे.) तिथल्या मॅजेस्टिक मेट्रो स्टेशनचा भाग जमिनीखाली आहे, तिथं फोनचा भरवसा नसतोय, बोलता बोलता कॉल तुटतोय. मुंबईत ॲक्वा लाईन ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली तेव्हा तर खाली नेटवर्कच मिळत नाही म्हणून प्रवाशांच्या तक्रारी पेपरात आल्या.

मग साधा प्रश्न पडतोय की आपला फोन चालत नाही तर गाडी चालवणाऱ्याचं काय? बोगद्यात गाडी अडकली, धूर झाला, कुणाला छातीत कळ आली, तर तो कुणाला आणि कसा सांगणार? आणि पेपरात येतात ते टेट्रा, सीबीटीसी हे शब्द म्हणजे नेमकं काय? जमेल तेवढ्या सोप्या भाषेत लिहितोय.

मेट्रोत रेडिओ एक नसतो

आधी एक गोंधळ काढून टाकू. मेट्रोच्या बोगद्यात रेडिओ लहरींची तीन वेगवेगळी कामं एकाच वेळी चालू असतात. पहिलं काम माणसांच्या बोलण्याचं, म्हणजे ड्रायव्हर, स्टेशन कंट्रोलर, रुळावर काम करणारी माणसं, सिक्युरिटी आणि कंट्रोल रूम यांचं आपसातलं बोलणं. दुसरं, गाडीतला कॉम्प्युटर आणि बाहेरचा कॉम्प्युटर यांचं बोलणं, त्यात माणूस नसतोच. तिसरं म्हणजे आपल्या-तुपल्या मोबाईलचं नेटवर्क. या तिसऱ्याचा पहिल्या दोघांशी काही संबंध नाही, त्याची यंत्रणा वेगळी, त्याचे करार वेगळे, ते बंद पडलं तर आपली रील थांबते, गाडी थांबत नाही. त्यामुळं "नेटवर्क नाही म्हणजे मेट्रो असुरक्षित" असं जे काहीजण म्हणतात ते बरोबर नाही. खरं त्या दोन रेडिओंपैकी एखादा गेला तर मात्र विषय गंभीर होतोय, आणि तिथं काय करायचं हे आधी ठरवून ठेवलेलं असतंय. या सगळ्या तंत्रात मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटते.

माणसांचा रेडिओ, म्हणजे टेट्रा

बेळगावची विसर्जन मिरवणूक आठवा. रात्री गर्दी भरात असताना फोन लावून बघा, रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि कॉल काही लागत नाही, कारण एका टॉवरवर एकाच वेळी हजारो फोन लोंबकळत असतात. त्याच गर्दीत बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावरचा वायरलेस मात्र बोलत असतोय. त्याची फ्रिक्वेन्सी वेगळी राखून ठेवलेली आहे, त्यावर आपल्याला जाताच येत नाही. मेट्रोचा रेडिओ याच जातीचा.

फरक एवढाच की साध्या वायरलेसवर एका चॅनेलला एकच जण बोलू शकतोय, बाकीच्यांनी थांबायचं, आणि प्रत्येक खात्याला वेगळं चॅनेल द्यायचं म्हटलं तर तेवढ्या फ्रिक्वेन्सी आणायच्या कुठनं. मग एक चॅनेल दिवसभर रिकामं आणि दुसऱ्यावर रांग असं होतंय. यावर उपाय म्हणजे ट्रंकिंग. चॅनेल कुणाच्याच नावावर ठेवायचं नाही, सगळी एकत्र ठेवायची, ज्यानं बटण दाबलं त्याला मधला कॉम्प्युटर त्या क्षणी जे रिकामं असेल ते देतोय आणि बोलणं संपलं की परत घेतोय. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत होतंय, बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

टेट्रा हे या ट्रंकिंगचंच डिजिटल रूप, युरोपात १९९० च्या दशकात ठरलेलं मानक. २५ किलोहर्ट्झ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात ते एकाच वेळी चार संभाषणांची जागा करतंय, वेळेचे बारीक तुकडे पाडून आळीपाळीनं. त्यातली एक जागा सहसा कुणाला काय द्यायचं या व्यवहारासाठी ठेवतात. दिल्ली मेट्रो, नम्म मेट्रो, जगातल्या कितीतरी मेट्रो, विमानतळ आणि पोलीस खाती हेच वापरतात.

ड्रायव्हरच्या केबिनमध्ये हे कसं दिसतंय? समोरच्या टेबलावर एक छोटा स्क्रीन, बाजूला गुंडाळीच्या वायरचा हँडसेट, हँडसेटला दाबून धरायचं बटण, आणि एक इमर्जन्सीचं बटण. नेहमीचं बटण दाबलं की त्याचा आवाज त्याच्या ग्रुपला जातोय. ग्रुप आधीच ठरलेले, या लाईनचे सगळे ड्रायव्हर एक, मेंटेनन्सवाले दुसरा, डेपो तिसरा. इमर्जन्सीचं बटण दाबलं तर मात्र सगळी चॅनेल भरलेली असली तरी बिनमहत्त्वाचं एखादं बोलणं मधेच तोडून याला जागा मिळते, आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर कुठल्या गाडीतनं बटण दाबलंय ते लगेच दिसतंय.

बोलायची शिस्त पण आहे. कंट्रोलरनं जे सांगितलं ते ड्रायव्हरनं परत म्हणून दाखवायचं, मगच ते मिळालं असं धरायचं. ही शिस्त रेल्वेत फार जुनी आहे. टिळकवाडीत गेटवर आपण गाड्या बंद करून उभे असतो तेव्हा आतल्या केबिनमध्ये गेटमन फोनवर स्टेशन मास्तरला नंबर सांगतोय ते कधी ऐकलंय का? तो प्रायव्हेट नंबर. गेट खरंच बंद झालं याची खूण म्हणून तो नंबर द्यायचा आणि दोन्हीकडं लिहून ठेवायचा. नुसतं "हो हो, झालं बंद" याला रेल्वेत किंमत नाही.

मग सरळ मोबाईल दिला तर काय बिघडलं?

हा आक्षेप हमखास येतोय, आणि तो चुकीचा नाही, कारण रेल्वेच्या माणसांकडं मोबाईल असतातच. आपल्याजवळच्या हुबळी-धारवाडच्या चिगरी बस कुठं आहेत ते कंट्रोल रूमला कळतंय ते जीपीएसवरनं. बसची जागा दाखवायला मोबाईलचं नेटवर्क चालतंय, चार मिनिटं उशिरा कळलं तरी कुणाचा जीव जात नाही आणि बस जमिनीवरच असते.

खरं मोबाईलवर एका वेळी एकालाच फोन लागतोय, नंबर शोधायचा, रिंग जाणार, तो उचलणार, नाहीतर बिझी लागणार. इथं एका दाबात वीस गाड्यांना "थांबा" म्हणायचं असतंय. दुसरं म्हणजे संकटाच्या वेळी पहिल्यांदा तुंबतंय ते मोबाईलच, कारण तेव्हा सगळेच घरी फोन लावतात. आणि तिसरी एक सोय मोबाईलला नाहीच, ती म्हणजे टॉवर, कंट्रोल रूम सगळं मेलं तरी दोन टेट्रा सेट जवळ असतील तर मधे कुणी नसताना थेट एकमेकांशी बोलू शकतात.

हे नुसतं पुस्तकी नाही. ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये स्फोट झाले, ५२ निरपराध माणसं गेली. नंतरच्या चौकशीत समोर आलं ते वाचताना आजही त्रास होतोय. खाली उतरलेल्या बहुतेक मदतीच्या पथकांचे रेडिओ बोगद्यात चालतच नव्हते, फक्त रेल्वेच्या पोलिसांचे चालत होते, आणि निरोप द्यायला माणसांना गाडीपासून प्लॅटफॉर्मपर्यंत पळत यावं लागत होतं. वर ॲम्ब्युलन्स सेवेचे अधिकारी मोबाईलवर अवलंबून होते आणि मोबाईल तुंबले होते. याहून वाईट म्हणजे हा धडा नवा नव्हता. नोव्हेंबर १९८७ मध्ये त्याच शहरात किंग्ज क्रॉस स्टेशनला आग लागून ३१ जण गेले होते, तेव्हाच जमिनीखाली रेडिओ चालला पाहिजे असं चौकशीत सांगून झालं होतं. १८ वर्षं मधे गेली होती. जानेवारी २०१५ मध्ये वॉशिंग्टनला बोगद्यात धूर भरून एक बाई गेली, तिथंही अग्निशमनच्या रेडिओची तीच रड.

म्हणून नवीन मेट्रोचं उद्घाटन असलं की मी विचारतो, खाली अग्निशमनवाल्याचा स्वतःचा सेट चालतोय का? मेट्रोवाल्यांचा रेडिओ चालून भागत नाही. बाहेरनं मदतीला येणाऱ्याचा पण चालायला पाहिजे, आणि ते आगीच्या आधी खाली उतरून तपासायला पाहिजे.

बोगद्यात लहरी नेतात कशा?

माती, दगड आणि सळईचं काँक्रीट रेडिओ लहरी गिळून टाकतात. वरचा टॉवर कितीही मोठा असू दे, वीस-पंचवीस मीटर खाली त्याचा उपयोग नाही. बरं, बोगद्याच्या तोंडाशी एक अँटेना लावून आत मारा करावा तर बोगदा वळतोय, मधे गाडीच आडवी येते आणि गाडीनं जवळजवळ सगळा बोगदा भरलेला असतोय.

यावरचा उपाय मला फार आवडतोय. बोगद्याच्या भिंतीवरनं लांबच्या लांब एक जाड काळी केबल नेतात. साध्या केबलमध्ये सिग्नल आतल्या आत राहावा म्हणून वरनं धातूचं पूर्ण आवरण असतंय. या केबलच्या आवरणाला मुद्दाम ठराविक अंतरावर फटी ठेवलेल्या असतात, तिथनं थोडा थोडा सिग्नल बाहेर झिरपतोय. आपल्या चिकोडी-निपाणी भागात उसाला ठिबक केलेलं बघितलंय ना, पाईप एकच, खरं प्रत्येक बुडख्याला थेंब मिळतोय, बरोबर तसंच. इंग्रजीत पण तिला गळकी केबल याच अर्थाचं नाव आहे, लीकी केबल म्हणतात. आणि ती दोन्ही दिशांनी काम करते, गाडीच्या अँटेनाचा सिग्नल त्याच फटींतनं आत शिरून कंट्रोल रूमपर्यंत जातोय. ठिबकला जसं शेवटाकडं पाण्याचा दाब कमी पडतोय तसं इथंही सिग्नल लांब जाता जाता क्षीण होतोय, म्हणून मधे मधे तो वाढवणारी यंत्रं बसवतात, आणि ती यंत्रं बॅटरीच्या बॅकअपवर ठेवतात, कारण बोगद्यातली लाईट जाते तेव्हाच रेडिओची खरी गरज असते.

पुढच्या वेळी मॅजेस्टिकहून कब्बन पार्ककडं जाताना मोबाईल खिशात ठेवा आणि खिडकीतनं भिंतीकडं बघा. हुकांवर टांगलेल्या काळ्या केबली सरळ पळताना दिसतात, त्यातच ही असते.

गाडी स्वतः बोलते ते सीबीटीसी

आता दुसरा रेडिओ. सीबीटीसी म्हणजे रेडिओवरनं गाड्यांचं नियंत्रण, यलो लाईनला हीच यंत्रणा आहे.

जुन्या पद्धतीत रूळ तुकड्यांत वाटलेला असतोय. एका तुकड्यात एक गाडी, ती पूर्ण बाहेर पडली की मगच मागच्या गाडीला आत सोडायचं. रुळातनं वीज सोडून तुकडा भरलेला आहे की रिकामा एवढं कळतंय, खरं गाडी त्या तुकड्यात नेमकी कुठं आहे ते कळत नाही. म्हणून आख्खा तुकडाच भरलेला धरावा लागतोय आणि दोन गाड्यांमध्ये फुकटची जागा सोडावी लागते.

सीबीटीसीत गाडी सतत, सेकंदासेकंदाला, रेडिओवरनं सांगते की मी अमुक ठिकाणी आहे, माझा वेग एवढा. बाहेरचा कॉम्प्युटर सगळ्या गाड्यांचा हिशोब करून प्रत्येकीला परत सांगतोय की तू इथपर्यंत जाऊ शकतेस, याच्या पुढं नाही. गाडीतला कॉम्प्युटर त्यावरनं ब्रेक कधी लावायचा ते ठरवतोय. पुढची गाडी सरकेल तशी मागचीची मर्यादा पण सरकते, मग दोन गाड्या दीड-दोन मिनिटांच्या अंतरानं सुरक्षित चालवता येतात.

आणि आता मुद्द्याचं. हा रेडिओ गेला तर? गाडीला काही सेकंद बाहेरनं निरोप आला नाही की ती "काही सांगितलं नाही म्हणजे सगळं ठीक असेल" असं धरत नाही. ती ब्रेक लावते. निरोप न येणं हाच थांबायचा निरोप. वाटेत, बोगद्यात, कारण न कळता गाडी थांबली की आपण चिडतो, आणि ऑफिसला उशीर झाला की चिडणारच, खरं त्यातल्या बऱ्याच वेळा यंत्रणा नापास झालेली नसते, तिला जे शिकवलंय तेच ती करत असते.

मग यलो लाईनला २५ मिनिटांनी गाडी का होती?

बरोबर प्रश्न. १९ किलोमीटरची लाईन, १६ स्टेशनं, नवी कोरी यंत्रणा, आणि सुरुवातीला २५ मिनिटांनी एक गाडी. कारण सरळ आहे, गाड्याच तीन होत्या. रेडिओ अंतर कमी करायची परवानगी देतोय, गाड्या तयार करून देत नाही. नंतर गाड्या आल्या तसं अंतर कमी होत गेलं. नवं तंत्रज्ञान आलं की लगेच गर्दी संपणार असं जे भाषणांत सांगतात ते म्हणून जरा थांबून ऐकावं.

बाहेरच्या रेडिओनं गडबड केली तर?

होऊ शकते, आणि झालेली आहे. सीबीटीसीच्या कितीतरी यंत्रणा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, जो आपल्या घरच्या वायफायचा पण आहे, कारण त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात चीनच्या शेनझेन मेट्रोत गाड्या वारंवार आपोआप थांबायला लागल्या, आणि कारण निघालं प्रवाशांच्या खिशातले छोटे वायफाय हॉटस्पॉट. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. गाड्या एकमेकींवर आदळल्या नाहीत, थांबल्या, ते वरच्या नियमामुळं.

सिंगापूरची गोष्ट तर एखाद्या तपासकथेसारखी आहे. २०१६ मध्ये तिथल्या सर्कल लाईनवर गाड्यांचा सिग्नल मधेच तुटून इमर्जन्सी ब्रेक लागत होते, कधीही, कुठंही, वेगवेगळ्या गाड्यांना. कारण सापडेना. मग सरकारच्या डेटा तज्ज्ञांनी प्रत्येक घटनेची वेळ आणि जागा एका आलेखावर मांडली, तेव्हा ते ठिपके विखुरलेले नव्हते, तिरक्या रेषांत बसत होते. म्हणजे बिघाड एका जागी नव्हता, तो प्रवास करत होता. समोरच्या रुळावरनं जाणारी एकच गाडी, नंबर पीव्ही ४६, तिच्यातल्या खराब उपकरणातनं चुकीचे सिग्नल निघत होते आणि शेजारनं जाणाऱ्या गाड्या त्यानं आंधळ्या होत होत्या. ती स्वतः मात्र व्यवस्थित धावत होती, म्हणून तिच्यावर कुणाचा संशयच गेला नव्हता.

याच कारणासाठी आता स्वतःची राखीव फ्रिक्वेन्सी असावी याकडं कल आहे. भारतीय रेल्वेला २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झ जागा दिली, ४जी सारख्या एलटीई तंत्रावर स्वतःचं नेटवर्क चालवायला. दिल्ली–मेरठच्या नमो भारत गाड्यांचं नियंत्रण एलटीईवरनंच होतंय. रेल्वेचं कवच, म्हणजे गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा, पण इंजिन आणि स्टेशन यांच्यात रेडिओवरनंच बोलतंय. एलटीईवर आवाज, डेटा, कॅमेऱ्याचं चित्र सगळं एकत्र जातंय, टेट्राला व्हिडिओ झेपत नाही. टेट्रा लगेच जाणार नाही, खरं हळूहळू त्याची जागा हेच घेणार.

बेळगावात मेट्रो नाही, मग आपल्याला काय?

आपल्याला आहे. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीकडं, चोर्ला घाटात रेंजचं काय होतंय ते सगळ्यांना माहीत आहे. तिथं वस्तीची बस बंद पडली तर कंडक्टरनं कुणाला सांगायचं? २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात आपल्या जिल्ह्यानं काय भोगलं ते विसरता येत नाही, आणि लाईट गेली की मोबाईल टॉवरची बॅटरी किती वेळ पुरते हे पण आपण बघितलंय. खासगी कंपनी टॉवर लावते तिथं जिथं गिऱ्हाईक आहे, त्यात तिचा दोष काढायचं कारण नाही, खरं बस, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, वनखातं यांचं बोलणं गिऱ्हाईक किती आहेत यावर सोडून चालत नाही. डोंगराच्या माथ्यावर एक रिपीटर बसला, म्हणजे सिग्नल पकडून जोर देऊन पुढं पाठवणारं यंत्र, तर मागची आख्खी दरी बोलायला लागते. बेंगळूरच्या बोगद्यात प्रत्येक मीटरला सिग्नल पोचवतात तर खानापूरच्या जंगलात निदान घाटरस्त्याला तो पोचावा, ही मागणी काही जास्त नव्हे, आणि आपल्या आमदार-खासदारांना रस्ता-गटारीच्या बरोबरीनं हे पण विचारायला पाहिजे.

गाडी बोगद्यात थांबली तर प्रवाशानं काय करायचं

मोबाईल काढून रेंज शोधत बसू नका. प्रत्येक डब्यात दाराजवळ बोलायचं बटण असतंय, छोट्या जाळीच्या स्पीकरसकट. ते दाबलं की ड्रायव्हरशी बोलता येतंय. ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांत, जशी दिल्लीच्या मॅजेंटा लाईनवर डिसेंबर २०२० पासून सुरू झाली, तेच बोलणं रेडिओवरनं थेट कंट्रोल रूमला जातंय. बटण दाबल्यावर आधी काय झालंय ते सांगा, धूर, आजारी माणूस, भांडण, जे असेल ते, मग डबा नंबर, तो आतल्या बाजूला लिहिलेला असतोय. समोरच्यानं परत विचारलं तर वैतागू नका, तो खात्री करून घेतोय. आणि ते सांगेपर्यंत दार उघडून रुळावर उतरू नका, बेंगळूरात बाजूच्या तिसऱ्या रुळात ७५० व्होल्टची वीज असते, ती बंद केल्याचं कंट्रोल रूमनं रेडिओवर सांगितल्याशिवाय मेट्रोचा माणूस पण खाली पाय ठेवत नाही.